कॉल सेंटरमधल्या लेकी आणि फोनवरचा वर्णभेद



बैठकीत आपण हप्त्याचं बोलतो, अंतर्गत कर्जाचं बोलतो, पापड-लोणच्याच्या विक्रीचं बोलतो. आज आपल्या लेकी-सुनांच्या नोकरीबद्दल बोलू या. पनवेल तालुक्यातल्या आमच्या गटांमधल्या बऱ्याच घरांतून आता मुली कॉल सेंटरला जातात. कुणी ऐरोलीला, कुणी महापेला, कुणी वाशीला. दिवसाची पाळी असली तर पनवेलहून लोकल धरतात, रात्रीची असली तर कंपनीची गाडी न्यायला येते. आई कौतुकाने सांगते, "आमची पोरगी अमेरिकेशी इंग्रजीत बोलते!" कौतुक वाटायलाच हवं. पण काही महिन्यांनी तीच आई हळूच विचारते, "ताई, ही सुट्टीच्या दिवशीसुद्धा फोन वाजला की दचकते. विचारलं तर म्हणते, काही नाही गं, एक कस्टमर वाईट होता."

हा 'वाईट कस्टमर' म्हणजे नेमकं काय, ते आज समजून घेऊ. कारण त्यातला बराच त्रास हा नुसता कामाचा ताण नसतो. माणसाचा रंग, देश, नाव आणि बोलण्याची ढब पाहून त्याला कमी लेखणं, याला वर्णभेद म्हणतात. आणि तो फोनवरूनही होतो.

हे काम चालतं कसं?

अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या माणसाचं बँकेचं कार्ड चालत नाही, विमानाचं तिकीट बदलायचं आहे, फोनचं बिल जास्त आलंय. तो त्याच्या देशातला नंबर फिरवतो आणि फोन उचलला जातो नवी मुंबईत. परदेशी कंपन्यांनी हे काम भारतात पाठवायला सुरुवात केली १९९० च्या दशकात. ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीने १९९६ मध्ये मुंबईत आपलं असं कार्यालय काढलं. पुढे बँका, विमा कंपन्या, फोन कंपन्या सगळ्याच आल्या. कारण सरळ आहे. तिकडच्या पगाराच्या थोड्याशा हिश्श्यात इथे इंग्रजी बोलणारी, शिकलेली मुलं-मुली मिळतात.

न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणून हा फरक. त्यामुळे अमेरिकेचं काम म्हणजे रात्रपाळी आलीच. इंग्लंडचं काम आपल्या दुपारी सुरू होतं. आपल्याच देशातल्या गिऱ्हाइकांशी हिंदी-मराठीत बोलायचं असेल, तर त्याला 'डोमेस्टिक' म्हणतात आणि परदेशी गिऱ्हाईक असेल तर 'इंटरनॅशनल'. इंटरनॅशनलला पगार जास्त म्हणून मुलींचा ओढा तिकडे. आजचं बोलणं त्याच कामाबद्दल आहे.

रागावणं वेगळं, वर्णभेद वेगळा

गिऱ्हाईक चिडतं. आपणही गॅसचा सिलिंडर वेळेवर आला नाही की चिडतो. "तीन वेळा फोन केला, तुमचं काम झालं नाही," असं कुणी ओरडलं, तर तो कंपनीवरचा राग. तो ऐकून घेणं आणि माणसाला शांत करणं हा नोकरीचा भाग आहे, आणि आपल्या मुली ते छान करतात.

पण फोन उचलून मुलीने फक्त नमस्कार केला, आणि समोरचा म्हणाला, "तू भारतातली ना? मला आमच्या देशातलं माणूस दे," तर? अजून बिलाचा विषयसुद्धा निघालेला नाही. कुणी तिच्या उच्चारांची नक्कल करतं. कुणी म्हणतं, तुम्ही आमच्या नोकऱ्या चोरल्या. कुणी तिच्या रंगावरून, खाण्यावरून, देशाच्या गरिबीवरून घाण बोलतं. आणि समोर बाई आहे हे कळल्यावर त्याच शिवीला आणखी एक वळण लागतं, तेही आपल्याला सांगायला नको.

ओळखायची खूण सोपी आहे. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : याच जागी तिकडची गोरी मुलगी असती, आणि तिने हेच उत्तर दिलं असतं, तर हा माणूस असंच बोलला असता का? उत्तर 'नाही' आलं, तर तो राग नव्हे. तो वर्णभेद आहे. मुलीच्या इंग्रजीशी, हुशारीशी, मेहनतीशी त्याचा काही संबंध नाही. हे मुलीला कुणीतरी सांगावं लागतं, कारण रोज ऐकून ऐकून तिला वाटायला लागतं की आपलंच काहीतरी कमी आहे.

शिवी पगारात कशी उतरते

"फोनवरचं बोलणं ते. एका कानाने ऐकायचं, दुसऱ्याने सोडायचं." असं आपण सहज म्हणतो. पण कॉल सेंटरमध्ये ते सोडता येत नाही, कारण तिथे प्रत्येक फोन मोजला जातो. फोन किती मिनिटं चालला ते मोजतात. मध्ये किती वेळ शांतता होती ते मोजतात. रेकॉर्ड केलेले फोन तपासून गुण देतात. आणि फोन संपल्यावर गिऱ्हाइकाला विचारतात, सेवा कशी वाटली?

आता पाहा. भारतीय आवाज ऐकूनच ज्याचं कपाळ आठ्यांनी भरलं, तो गुण किती देणार? मुलीने त्याचं काम चोख केलं तरी तो कमी गुण देऊन मोकळा होतो. तो फोन वरिष्ठाकडे मागतो, तर तेही तिच्या नावावर 'सोडवता आलं नाही' म्हणून पडू शकतं. तिने मधेच फोन ठेवला तर तिच्यावरच कारवाई. महिन्याच्या शेवटी हे सगळं एकत्र होतं आणि बऱ्याच ठिकाणी इन्सेंटिव्ह, म्हणजे कामगिरीवर मिळणारी जादा रक्कम, त्यावर ठरते.

म्हणजे हजारो मैलांवरच्या एका माणसाच्या मनातला भेदभाव आपल्या मुलीच्या पगारपत्रकात येऊन बसतो. शिवी देणाऱ्याला काहीच भरावं लागत नाही. भरते ती, आणि तिच्या पगारावर ज्या घराचा हप्ता चालतो ते घर.

हे सगळ्या जगाने ऐकलंय

हा आपल्या मुलींच्या मनाचा खेळ नाही. डिसेंबर २००४ मधली गोष्ट आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात 'पॉवर ९९' नावाचं रेडिओ स्टेशन होतं. तिथल्या सकाळच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाने एका वस्तूची चौकशी करायला फोन लावला. फोन भारतातल्या कॉल सेंटरमध्ये लागला. ती भारतीय आहे हे कळताच त्याने त्या मुलीला बाईला देतात त्या शिव्या दिल्या, 'उंदीर खाणारी' म्हटलं आणि धमकावलं. हे सगळं कार्यक्रमात, लोकांना हसवायला. ती मुलगी मात्र आपलं काम करत होती. तिकडे राहणाऱ्या भारतीयांनी ते ऐकलं, निषेध केला, पत्रं लिहिली. जानेवारी २००५ मध्ये स्टेशनला माफी मागावी लागली आणि सूत्रसंचालकांना काही काळ कामावरून दूर ठेवलं गेलं.

यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो सूत्रसंचालक स्वतः कृष्णवर्णीय होता. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या वर्णभेद सोसला, त्यातलाच एक. अपमान असाच वरून खाली घरंगळत येतो. ज्याला वरून मिळतो, तो आपल्याहून खाली कुणी सापडतंय का ते बघतो. आणि फोनवरची परदेशी मुलगी, जी उलट बोलू शकत नाही, ती सगळ्यांत सोपी सापडते.

शिल्पा शेट्टी तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. जानेवारी २००७ मध्ये इंग्लंडच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' या कार्यक्रमात तिच्या उच्चारांची नक्कल झाली, तिचं नाव नीट न घेता 'शिल्पा पापडम' म्हटलं गेलं. तिकडच्या प्रसारण नियामक संस्थेकडे चाळीस हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. ती नावाजलेली नटी होती आणि कॅमेरा चालू होता, म्हणून जगाने पाहिलं. ऐरोलीच्या तिसऱ्या मजल्यावर हेडफोन लावून बसलेल्या मुलीचं कोण पाहतं?

नाव बदला, ढब बदला

मग कंपन्यांनी उपाय काय काढला? सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी मुलींना इंग्रजी नावं दिली गेली. सुनीताची सुझन झाली. आपण भारतात बसलोय हे सांगू नका, अशीही सूचना असे. उच्चार बदलायचे वर्ग घेतले गेले. कॅनडातल्या प्राध्यापिका किरण मीरचंदानी यांनी बंगळुरू, दिल्ली आणि आपल्या पुण्यातल्या कॉल सेंटरमधल्या कामगारांशी बोलून २०१२ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. गिऱ्हाइकाला आपलंसं वाटावं म्हणून स्वतःची ओळख झाकत राहणं, हेही एक कामच आहे, पण त्याचा पगार कुणी देत नाही, हा त्यातला मुद्दा आपल्यालाही पटेल.

आता तर यंत्र आलंय. मुलगी तिच्या ढबीत बोलते आणि कॉम्प्युटर तिथल्या तिथे तिचे उच्चार बदलून गिऱ्हाइकाच्या कानावर घालतो. टेलिपरफॉर्मन्स या जगातल्या मोठ्या कॉल सेंटर कंपनीने भारतातल्या कामगारांसाठी ते वापरत असल्याचं २०२५ मध्ये सांगितलं. काही मुली म्हणतील, बरं झालं, शिव्या कमी होतील. होतीलही. पण विचार करा, रोग ऐकणाऱ्याच्या कानात आणि औषध बोलणाऱ्याच्या घशाला!

चोर सोडून संन्याशाला फाशी

एक गोष्ट मात्र आपणही मान्य करायला हवी. परदेशातल्या लोकांच्या मनात भारतीय फोनबद्दल संशय बसायला काही खरी कारणं घडली आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या बनावट कॉल सेंटरवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात, 'आम्ही कर खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल,' म्हणून घाबरवत आणि पैसे उकळत. शेकडो तरुण-तरुणींना पोलिसांनी चौकशीसाठी ताब्यात घेतलं. फसवलेल्यांमध्ये म्हातारी माणसंही होती. त्यांचा राग खोटा नाही.

पण त्याची शिक्षा कुणाला? प्रामाणिकपणे बँकेचं काम करणाऱ्या आपल्या मुलीला. एकाने केलं म्हणून सगळा देशच चोर ठरवायचा, हाही वर्णभेदच. म्हणून आपल्याला दोन्ही करायचं आहे. मुलीला खोट्या धंद्यापासून दूर ठेवायचं, आणि दुसऱ्याच्या पापाची शिवी तिने आपली म्हणून घ्यायची नाही, हे तिला सांगायचं.

आपल्या दारातलं काय?

आमच्या भागात आगरी बोली आहे. 'पाणी'चं 'पानी' आणि 'शाळा'ची 'शाला' म्हणणारी गोड बोली. सिडकोने नवी मुंबईसाठी पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेतल्या, त्यांतल्या कितीतरी घरांची ही बोली. त्याच शहरातल्या कॉलेजात या मुलींना उच्चारावरून हसतात. मग अमेरिकेतला माणूस हसतो, तेव्हा ती पहिल्यांदा हसण्यावारी गेलेली नसते. ठाकूर, कातकरी मुलींना त्याहून जास्त ऐकावं लागतं. आणि आपण? ईशान्य भारतातून आलेल्या मुलीला कोणत्या नावाने हाक मारतो, परप्रांतातल्या भाजीवाल्याच्या बोलण्याची नक्कल कशी करतो, लग्नाच्या बोलणीत 'मुलगी सावळी आहे हो' कोणत्या सुरात म्हणतो, हेही एकदा ऐकून बघायला हवं. परदेशातल्या माणसाला नावं ठेवताना आपल्या अंगणातलाही केर काढावा लागतो. तसं केलं तरच आपल्या मुलीला वर्णभेद ओळखता येईल आणि 'हे चूक आहे' असं ठामपणे म्हणता येईल.

कायदा काय म्हणतो?

परदेशात बसलेल्या गिऱ्हाइकावर इथून कारवाई करणं जवळपास अशक्य. पण कंपनी तर इथे आहे. जबाबदारी तिची.

पहिलं, रात्रपाळी. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं, तर तिची संमती हवी. तिच्या सन्मानाची आणि सुरक्षेची व्यवस्था हवी, आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय हवी. दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत. नाक्यावर सोडून गाडी वळली, तर ते नियमात बसत नाही.

दुसरं, लैंगिक शिवीगाळ. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपल्याला माहीत आहे. त्यात मालकावर जबाबदारी आहे की कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवायचं. गिऱ्हाईक हे बाहेरचंच माणूस. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करायची. इथे मुलीकडे मोठा पुरावा असतो, तो म्हणजे फोनचं रेकॉर्डिंग. ते कंपनीकडेच असतं. म्हणून तारीख, वेळ आणि कॉलचा क्रमांक लगेच लिहून ठेवायचा. रेकॉर्डिंग जपून ठेवा, अशी मागणी ईमेलने करायची. गिऱ्हाइकाची खासगी माहिती मात्र बाहेर आणायची नाही, त्याने नोकरी जाऊ शकते.

तिसरं, जागतिक पातळीवर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ थांबवण्यासाठी १९० क्रमांकाचा करार केला. गिऱ्हाइकासारख्या तिसऱ्या माणसाकडून होणारा त्रासही त्यात धरला आहे. त्यामुळे 'कस्टमर इज किंग' हे वाक्य आता जगातही सरसकट चालत नाही. राजालाही मर्यादा असतात.

नोकरी धरण्याआधी विचारायचे प्रश्न

मुलगी मुलाखतीला जाते, तेव्हा पगार आणि गाडी एवढंच विचारून येते. आम्ही गटात आणखी पाच प्रश्न सांगतो.

एक. गिऱ्हाईक शिवीगाळ करू लागलं तर फोन ठेवायचा नियम काय? चांगल्या ठिकाणी 'आधी सूचना द्या, मग फोन बंद करा' असा नियम लेखी असतो.

दोन. तसा फोन ठेवला, किंवा भेदभावाने कमी गुण मिळाले, तर ते मोजणीतून वगळतात का?

तीन. वाईट फोननंतर पाच-दहा मिनिटं उठायची मुभा आहे का?

चार. अंतर्गत समितीत कोण आहे, त्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का?

पाच. नेमणूक पत्रावर कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता आहे का? नेमणूक पत्र देत नाहीत, कोणत्या कंपनीसाठी फोन करायचा ते सांगत नाहीत, किंवा 'पोलीस आहे, कर खातं आहे' असं खोटं बोलायला लावतात, तर त्याच दिवशी बाहेर पडायचं. मिरा रोडची गोष्ट लक्षात आहे ना?

आत गेल्यावर एकटीने भांडू नये. तोच फोन, तीच शिवी शेजारच्या चौघींनाही ऐकावी लागते. पाच जणींनी मिळून टीम लीडरला लेखी दिलं, तर त्याला वजन येतं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एकटीची बचत आणि गटाची बचत यातला फरक आपणच तर जगाला दाखवला.

घरात काय करायचं

मुलगी पहाटे चारला घरी येते. तेव्हा 'डबा खाल्लास का' विचारतो, तसंच कधीतरी 'आज फोनवर कोण काय बोललं' हेही विचारा. तिने सांगितलं तर लगेच 'सोड नोकरी' म्हणू नका. हे वाक्य ऐकू येईल या भीतीनेच मुली घरी काही सांगत नाहीत. नोकरी गेली की शिक्षणाचं कर्ज राहतं आणि पाठोपाठ लग्नाचा विषय येतो, हे त्यांना पक्कं माहीत असतं. आणि 'एवढं काय त्यात' असंही म्हणू नका. फक्त म्हणा, "ते तुझ्याबद्दल नव्हतं. तो त्याचा खोटेपणा." एवढ्यानेही तिचं ओझं हलकं होतं.

झोप उडाली, जेवण तुटलं, फोनची धास्ती बसली, सारखं रडू येऊ लागलं, तर मदत घ्यायची. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. महिला हेल्पलाइन १८१ आहे. येता-जाता रस्त्यात धोका वाटला, तर ११२.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक करावं. आपल्या गावातल्या कोणकोणत्या मुली कॉल सेंटरला जातात, त्यांना एका रविवारी दुपारी बोलवावं. सकाळी नको, त्या झोपलेल्या असतात. चहा ठेवावा आणि त्यांना बोलू द्यावं. आपण फक्त ऐकायचं. जगभरच्या माणसांचं ऐकून घेण्याचा पगार घेणाऱ्या या मुलींचं ऐकून घेणारं कुणीतरी गावात असलं पाहिजे.